पत्र्याला घाम का फुटतो: सातारा-सांगलीच्या लहरी हिवाळ्यात घराची तयारी

सातारा-सांगलीकडे हिवाळ्याची तयारी म्हणजे गोधड्यांना ऊन दाखवायचं, स्वेटर-कानटोप्या बाहेर काढायच्या आणि ज्यांच्याकडे अजून बंब आहे त्यांनी लाकडं फोडून ठेवायची. घराच्या डागडुजीचा विषय मृग लागायच्या आधीच संपलेला असतो. कौलं परतून झाली, पत्र्याचे हुक आवळले, स्लॅबवरच्या पन्हाळी मोकळ्या केल्या, की पुढच्या वैशाखापर्यंत वर चढून बघायचं कारण नाही असा आपला हिशेब.

हिवाळा कोरडा असेल तर हा हिशेब बरोबर आहे. पण ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ चक्रीवादळ मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि घाटाच्या अलीकडेही पाऊस देऊन गेलं. २०२१ च्या डिसेंबरची सुरुवातच पश्चिम महाराष्ट्रात अवकाळी पावसाने झाली. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांना तो आठवडा चांगला लक्षात असेल. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर ‘फेंजल’ पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी आपल्याकडची नुकती पडू लागलेली थंडी पळवून लावली. बागायतदार अशा हवेत पहाटे उठून बागेत जातो. घर मात्र तसंच उभं असतं, आणि त्याचं काय बिघडलं ते कळायला दोन-तीन महिने जातात.

‘हिवाळ्यासाठी घर कसं तयार करावं’ असं इंटरनेटवर शोधलं तर नळातलं पाणी गोठू नये म्हणून पाइपला काय गुंडाळावं, छपरावरचा बर्फ कसा उतरवावा, असे सल्ले निघतात. ते आपल्या कामाचे नाहीत. सांगलीत पाइप गोठत नाही आणि साताऱ्यातही नाही. निव्वळ थंडीने इथल्या घराचं फारसं काही वाकडं होत नाही. त्रास देते ती ओल, आणि एका आठवड्यात दोनदा पालटणारी हवा. शिवाय थंडी वाजते म्हणून आपण दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो, त्याने ही ओल आतच कोंडली जाते.

आठवड्यात हवा एवढी का पालटते

नेहमीच्या हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडं वारं येतं आणि आकाश निरभ्र असतं. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशात सोडते, अडवायला ढग नसतात. म्हणून सांगलीत दुपारी तिशीला टेकलेला पारा पहाटे दहा-बारावर येतो. हा सरळ हिवाळा.

यात दोन बाजूंनी ढवळाढवळ होते. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस घेऊन येणाऱ्या कमी दाबाच्या लाटा, हिमालयावरून सरकतात. ते पुढे गेले की त्यांच्या मागून उत्तरेची गार हवा खाली उतरते आणि आपल्याकडे कडाका वाढतो. पुढचा विक्षोभ जवळ येऊ लागला की तोच वारा मंदावतो आणि थंडी ओसरते. दुसरी बाजू बंगालच्या उपसागराची. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा आणि चक्रीवादळांचा काळ. वादळ तमिळनाडू-आंध्रला धडकतं, पण त्याची बाष्पाने भरलेली पूर्वेची हवा जत-आटपाडीवरून आपल्यापर्यंत पोचते. ढग आले की जमिनीतून निघालेली उष्णता ते पुन्हा खाली फेकतात, आणि पहाटेचा पारा दोन दिवसांत सहा-सात अंशांनी वर चढतो. काल शेकोटी, आज पंखा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेची गार-कोरडी हवा आणि उपसागराची दमट हवा राज्यावर एकमेकींना भिडली तर गारपीट होते. २०१४ साली त्याच दिवसांत महाराष्ट्रात झालेली गारपीट अजून लोकांच्या बोलण्यात येते.

आता एक गोष्ट, जी पर्यटकांना पटत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच, सातारा शहर त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी हिवाळ्यातल्या कितीतरी पहाटे साताऱ्याचं किमान तापमान महाबळेश्वरपेक्षा कमी नोंदलं जातं. रात्री गार झालेली हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहते आणि खोऱ्यात साचते. खुद्द महाबळेश्वरातही वेण्णा तलावाच्या सखल भागात दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात, आणि त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. यात कुणी खोटं बोलत नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, लाकडी जाळीच्या पेटीत असतो. गवताचं पातं किंवा जीपचा टप मात्र उघड्या आकाशाखाली उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार झालेला असतो. तुमच्या घराचा पत्राही रात्रभर हेच करतो.

छप्पर

पत्र्याच्या घरात डिसेंबरच्या पहाटे अंथरुणावर टपटप थेंब पडतात. लोक म्हणतात पत्रा गळतोय, आणि मिस्त्रीला बोलावून खिळ्यांच्या तोंडाला सिमेंट किंवा डांबर लावतात. पाऊस नसताना गळणारा पत्रा गळत नसतो, त्याला आतून घाम फुटलेला असतो. ताकाच्या गार तांब्यावर बाहेरून पाणी जमतं ना, तेच.

थोडा हिशेब करू. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. म्हणजे संध्याकाळी खोलीतली हवा निम्मीच दमट असली, तरी ती १३-१४ अंशांच्या पत्र्याला टेकली की पाणी सोडू लागते. आणि ही वाफ येते कुठून? झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघांच्या खोलीत रात्रभरात लिटरभराच्या वर. स्वयंपाकाच्या गॅसचं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून बावीस लिटरच्या पुढे पाणी. वर डाळ शिजते, भात उतू जातो, पावसाची चिन्हं दिसली की कपडे घरात दोरीवर येतात. एवढं सगळं पाणी बंद खोलीत फिरतं आणि जी वस्तू सगळ्यात गार असेल तिथे जाऊन बसतं.

त्यामुळे उपायही खिळ्याच्या तोंडाशी नसतो. पहिला उपाय फुकटचा आहे: आढ्याजवळ आणि वाशांच्या टोकांशी असलेल्या फटी बुजवू नका. थंडीत तिथे पोती कोंबायची आपली जुनी सवय, पण वाफेला बाहेर पडायची ती एकच वाट असते. दुसरा उपाय म्हणजे पत्र्याखाली हवेचा थर ठेवून फॉल्स सिलिंग करायचं. बांबूचे तट्टे, प्लायवूड, थर्माकोलच्या शीट, जे परवडेल ते. मग खोलीतली दमट हवा थेट गार पत्र्याला लागत नाही, आणि उन्हाळ्यात तोच थर ऊन अडवतो. फक्त सिलिंग आणि पत्रा यांच्यामधली जागा दोन्ही टोकांना जाळी लावून मोकळी ठेवायची, नाहीतर थेंब सिलिंगच्या वर पडून ते कुजवतील. तिसरी गोष्ट उताराची. उतार पुरेसा असेल तर जमलेलं पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूनेच घरंगळत कडेला जातं. सपाट पत्र्यावरून ते सरळ खाली पडतं. नवीन शेड टाकत असाल तर उतारात कंजुषी करू नका. गोठ्यालाही हे लागू आहे; रात्रभर पाठीवर थेंब झेलणारी म्हैस सकाळी नीट दूध देत नाही, हे गोठा सांभाळणाऱ्याला सांगायला नको.

पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. अवकाळीबरोबर येणारा वारा पत्रा वरून दाबत नाही, कडेला धरून वर उचलतो, आणि मग दगडासकट पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तोही ऐन हिवाळ्यात, पहाटे लोक घरात झोपलेले असताना. त्या खोऱ्यात तरी डोक्यावर सुटे दगड नकोतच. जे-हुक, त्यावर रबराचा वॉशर, आणि कडेच्या ओळीला हुक जास्त, हे काम एका दुपारचं आहे. वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो, तो दरवर्षी तपासायचा. सिमेंटचे पत्रे असतील तर गारपिटीत तेच आधी फुटतात. दोन-तीन जास्तीचे पत्रे आणि एक ताडपत्री घरात असू द्या, कारण गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात दोन्ही मिळत नाही.

स्लॅबची गोष्ट वेगळी. काँक्रीट तापलं की पसरतं, गार झालं की आक्रसतं. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान वीस अंशांनी बदललं तर लांबी साधारण दोन मिलिमीटरने बदलते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिवाळ्यात हे रोज होतं: दुपारी ऊन खाऊन पसरायचं, पहाटे आक्रसायचं. स्लॅब हलतो, त्याच्यावर बांधलेली कठड्याची भिंत तेवढी हलत नाही, आणि दोघांच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते. पावसाळ्यात न गळलेला स्लॅब डिसेंबरातल्या एका सरीने गळतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच चीर असते. त्या कोपऱ्याला सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलसर उताराची भर, मारलेला असेल तर पाणी तिथे थांबत नाही. नसेल तर पोटमाळ्यावरचं सामान हलवण्याआधी तो मारून घ्या. चीर सिमेंटने भरली तर ती पुढच्या थंडीत पुन्हा उघडणार, कारण सिमेंट ताणलं जात नाही. लवचीक सीलंट भरून त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात द्यायचा.

माण-खटाव, आटपाडी, जतकडे अजून माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा फाटे, वर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, असं छप्पर आजचा कुठलाही ठेकेदार तुम्हाला करून देणार नाही. त्याची एकच अडचण आहे. पावसाळा संपून माती वाळली की तिला भेगा पडतात, आणि नेमका तेव्हा आलेला अवकाळी पाऊस थेट तुळईपर्यंत उतरतो. भिजलेली माती जड होते, तुळईचं भिंतीतलं टोक ओलं राहतं, मग वाळवी. दिवाळीनंतर पांढऱ्या मातीचा एक पातळ हात देऊन भेगा बुजवल्या तर हे टळतं. महाबळेश्वर-पाचगणीकडचं दुखणं याच जातीचं: पावसाचा मारा अडवायला भिंतींना लावलेले आडोसे, म्हणजे झड्या, दिवाळीच्या हंगामासाठी उतरवल्या जातात आणि नोव्हेंबरातली सर उघड्या जांभ्याला झोडपते. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. निदान पश्चिमेकडची भिंत तरी आणखी काही आठवडे झाकलेली ठेवली तर काय बिघडतं?

भिंतीतली ओल आणि दिवाळीचा रंग

आमच्याकडे रंग दिवाळीच्या तोंडावर काढतात. घरातली सगळी मंडळी घाईला आलेली, पेंटर चार ठिकाणी अडकलेला, आणि भिंत चार महिन्यांचा पाऊस पिऊन अजून ओली. त्यावर लांबी, प्रायमर आणि चकचकीत प्लॅस्टिक पेंट. जानेवारीत पोपडे सुटतात आणि सगळे मिळून पेंटरला शिव्या देतात. जाणता गवंडी आधीच सांगत असतो, “भिंत वाळू द्या की जरा.” त्याचं ऐकलं तर दिवाळीला जुन्या रंगाच्या भिंती दिसतील, एवढंच नुकसान. माझं मत विचाराल तर बाहेरचा आणि तळमजल्याचा रंग संक्रांतीनंतर काढावा.

भिंत ओली कशाने आहे हे ओळखायची सोपी रीत आहे. हातभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे: पायातून चढलेली, बाहेरच्या चिरेतून आलेली किंवा आतल्या फुटक्या पाइपची. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर भिंत निर्दोष आहे. घरातली वाफच तिच्यावर बसते. पहिल्या प्रकाराला गवंडी किंवा प्लंबर लागतो, दुसऱ्याला फक्त खिडकी. हजारो रुपयांचं ‘डॅम्पप्रूफ’ मारून घेण्याआधी हा हातभर प्लॅस्टिकचा उद्योग जरूर करा.

हिवाळ्यात भिंतीवर पांढरा फुलोरा येतो, बोट लावलं की पीठ झडतं. लोणा लागला म्हणतात तो हा. जमिनीतलं किंवा विटेतलं मीठ पाण्याबरोबर भिंतीत चढतं. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे पाणी फारसं बाहेर पडत नाही. हिवाळ्यात हवा कोरडी होते, भिंतीतलं पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे, पृष्ठभागावर राहतं. म्हणजे लोणा दिसतो तेव्हा भिंत वाळत असते, ही एका अर्थी चांगली खूण आहे. सांगलीत गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर या बाजूच्या ज्या घरांत २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं, तिथे कंबरेएवढ्या उंचीवर हा फुलोरा पुढची कितीतरी वर्षं दिसत राहू शकतो. तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून पुन्हा आत जातं. आणि त्यावर टाइल्स चिकटवायच्या नाहीत. ओल टाइल्समागून आणखी वर चढते आणि जिथे टाइल संपते तिथून बाहेर फुटते.

वाई, सातारा, मिरज इथल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगड-माती-चुन्याच्या. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेच्या काठावर आहे. तिथल्या जाड भिंतींमध्ये उभं राहिलं की दुपार आणि पहाट यांतला फरक किती बोथट होतो ते अंगाला कळतं. अशा भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यांना सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट लावला की सोडण्याची वाट बंद होते, माती आतल्या आत भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कमी उरलेत हे खरं, पण शोधले तर मिळतात.

काळ्या जमिनीवरच्या घरांचं दुखणं आणखी निराळं. कृष्णेकाठच्या वाळवा, पलूस, मिरज, कराड पट्ट्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यानंतर घराच्या भोवतीची माती आधी वाळते, घराखालची ओली राहते. कडा खचतात, मधला भाग तसाच राहतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. तेवढ्यात अवकाळीने माती पुन्हा फुगते, भेग थोडी मिटते, आणि मालक निश्चिंत होतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा. महिन्याने भेग खुणेच्या पुढे गेली असेल, किंवा रुंदी पाच मिलिमीटरच्या वर असेल, तर इंजिनिअरला दाखवा. तोवर घराभोवती तीन-चार फूट रुंद कोबा करून पाणी जोत्यापासून लांब काढणं, आणि भिंतीलगत लावलेल्या मोठ्या झाडाचा विचार करणं, एवढं आपल्या हातात आहे. कुंड्यांना रोज पाणी घालून एकाच कोपऱ्याची माती ओली ठेवणं हेही घराला मानवत नाही.

बंद खोली

या लेखातला हा भाग जिवाशी संबंधित आहे, म्हणून बाकीचं चाळलंत तरी हा नीट वाचा.

कडाक्याच्या रात्री कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे खोलीत ठेवून दार लावून झोपायचं नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर संपून निखारे लालबुंद झाले की लोकांना वाटतं धोका टळला, पण हा वायू तेव्हाही येतच असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने त्याला धरतं, म्हणून हवेत तो थोडा असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय जड होतात, मग झोप. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं तर गोळी शोधू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा.

न्हाणीघरातला गॅस गिझर हा याच संकटाचा शहरी अवतार. लहान बाथरूम, थंडीमुळे बंद केलेली खिडकी, काचपट्ट्यांना लावलेला कागद. गिझरची ज्योत तिथला ऑक्सिजन खाते आणि ऑक्सिजन कमी पडू लागला की मोनॉक्साइड वाढतो. गॅस गिझर आणि त्याचा सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आज लगेच हलवणं जमत नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, आणि मग आंघोळीला बसा. बंब असेल तर तो पडवीत किंवा परसात. आमच्या आज्या बंब बाहेर ठेवायच्या त्या धुरासाठी, पण त्यामुळे हेही आपोआप टळायचं.

आणि खिडकी. झोपायच्या खोलीची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवावी, वरची झडप असेल तर उत्तम. गार वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून पलंग हलवा, खिडकी बंद करू नका. सकाळी दहा ते दुपारी चार सगळं घर सताड उघडं ठेवायचं, कारण त्या वेळी बाहेरची हवा सगळ्यात कोरडी असते. ढगाळ, दमट दिवशी मात्र उलट: बाहेरची हवाच ओली असताना घर उघडून काही वाळणार नाही, तेव्हा फक्त स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू ठेवा. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब सरकवा. शालूला बुरशी लागते ती बहुतेक त्या भिंतीकडच्या बाजूने.

गरम पाणी आणि वीज

सोलर हीटर सातारा-सांगलीत घरोघरी आहे, आणि ढगाळ आठवड्यात तो घरोघरी रुसतो. बॅकअपचं इलेक्ट्रिक एलिमेंट चालतं का, हे पहिल्या ढगाळ पहाटे नव्हे तर आजच तपासा. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांच्या तळाशी क्षारांचा थर बसतो. वर्षातून एकदा टाकी आणि नळ्या धुऊन घ्या. टाकी रिकामी झाली असेल तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नका, तापलेल्या काचेच्या नळीला गार पाणी लागलं की ती तडकते. पहाटे भरा.

दोन हजार वॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी. मोबाइल चार्जरच्या पॉइंटवर मल्टिप्लग लावून हीटर चालवणं म्हणजे आग पेटवायची तयारी. पाण्यात सोडायचा रॉड स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला झिणझिण्या येत असतील तर तो सहन करायचा प्रकार नाही, त्याच दिवशी वायरमन.

अवकाळी पाऊस येऊन गेला की स्लॅबवर, टायरमध्ये, कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचतं आणि डिसेंबरातही डेंग्यूचे डास होतात. दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारून ते ओतून द्यायचं, बस्स.

अंदाज कसा वाचायचा

पेपरात येतं: ‘मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता’. हवामान खात्याच्या भाषेत मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत सगळं. सातारा आणि सांगली त्याचे दोन तुकडे. जळगावच्या पावसाच्या अंदाजाने मिरजेत दोरीवरचे कपडे आत घ्यायची गरज नाही. जिल्हावार इशारा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ‘थंडीची लाट’ हाही मोजून मापून वापरायचा शब्द आहे: सपाट भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप कामाचं आहे. आणि जमल्यास एखाद्या बागायतदाराशी ओळख ठेवा. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या आठवड्याच्या ढगांवर अवलंबून असतं, तो रोज रात्री झोपायच्या आधी अंदाज बघतो.

याच दिवसांत कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात. अवकाळीत त्यांचं अंथरूण, धान्य, चूल सगळं भिजतं. कोपी उंचवट्यावर घालायला जागा देणं, भोवती वीतभर खोल चर मारणं आणि दोन जाड ताडपत्र्या पुरवणं हे मुकादमाला किंवा शेतमालकाला जड नाही.

कामं एकदम करायची नसतील तर आधी गिझर-शेगडी-वायरिंग, मग छप्पर, मग भिंती, रंग सगळ्यात शेवटी. स्लॅब गळतो की नाही याची शंका असेल तर जानेवारीतला कोरडा आठवडा धरा. पन्हाळीची तोंडं बुजवा, स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करा आणि दोन दिवस ठेवा. खाली छताला कुठे डाग उमटतो ते खडूने आखून ठेवा, म्हणजे गवंडी आल्यावर त्याला बोट ठेवून जागा दाखवता येईल.